डॅपर: क्वेरीच्या निकालाला क्लासचा आकार देणाऱ्या लायब्ररीचे परीक्षण

डेटाबेसमधून आलेल्या ओळी ॲप्लिकेशनमध्ये कोणत्या रूपात वावरू द्यायच्या, हा प्रश्न डिझाइनच्या अगदी सुरुवातीला समोर येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा फारसा विचार न करता, हाताशी असलेल्या साधनाच्या कलाने दिले जाते. क्वेरीचा निकाल जसा आला तसाच, ओळी आणि कॉलमच्या रूपात, थेट स्क्रीनपर्यंत न्यायचा हा एक मार्ग. त्या निकालातून आधी व्यवसायाचे नियम जाणणारे ऑब्जेक्ट उभे करायचे आणि बाकीच्या कोडने केवळ त्यांच्याशीच व्यवहार करायचा, हा दुसरा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग मंचावर काम करणाऱ्यांसाठी पहिल्या मार्गावर एडीओ डॉटनेट या डेटाबेसशी जोडणाऱ्या मूळ भागाचे डेटासेट व डेटाटेबल आहेत, दुसऱ्या मार्गावर टेबल आणि ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारी एंटिटी फ्रेमवर्क कोअर ही मोठी चौकट आहे आणि या दोहोंच्या मध्ये डॅपर नावाची लहानशी, मोफत वापरता येणारी लायब्ररी आहे. तिच्या वेगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे कसोटी वेगळी ठेवली आहे: डॅपर आपल्या हातात जे ठेवते ते क्वेरीचा निकाल असते की बिझनेस ऑब्जेक्ट (म्हणजे वर सांगितलेला, व्यवसायाचे नियम जाणणारा ऑब्जेक्ट), आणि त्यावर किती विसंबावे.

डॅपरचा जन्म स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाच्या गरजेतून झाला. तेथे लिंक टू एसक्यूएल हे, कोडमधील क्वेरीचे एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) भाषांतर करणारे साधन वापरले जात होते. वर्दळ वाढल्यावर असे दिसले की वेळ डेटाबेसमध्ये कमी आणि क्वेरीचे भाषांतर करण्यात व ऑब्जेक्ट भरण्यात जास्त खर्च होत आहे. सॅम सॅफ्रन आणि मार्क ग्रॅव्हेल यांनी त्यावर उपाय म्हणून ही लायब्ररी लिहिली आणि 2011 मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. सुरुवातीला ती प्रकल्पात टाकायची एकच फाइल होती. आज ती नगेट पॅकेजच्या (डॉटनेटच्या लायब्ररी वाटण्याच्या नेहमीच्या) रूपात मिळते आणि तिचा परवाना अपाची 2.0 आहे, म्हणजे व्यावसायिक उत्पादनात वापरण्यास अडचण नाही.

तिची कार्यपद्धती समजायला सोपी आहे. डॅपरची स्वतःची क्वेरीची भाषा नाही, टेबलांचा नकाशा सांगणारी कॉन्फिगरेशन फाइल नाही आणि डेटाबेसची रचना बदलण्याची सोयही नाही. एडीओ डॉटनेटच्या कनेक्शनवर ती काही एक्स्टेंशन मेथड (बाहेरून जोडलेली फंक्शन) जोडते. आपण एसक्यूएल लिहायचे, पॅरामीटर एखाद्या ऑब्जेक्टमधून द्यायचे आणि निकाल कोणत्या क्लासमध्ये हवा ते सांगायचे. कॉलमचे नाव आणि प्रॉपर्टीचे नाव जुळले की मूल्य तेथे जाऊन बसते. हे जुळवण्याचे काम ती प्रत्येक ओळीसाठी रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू असताना क्लासची रचना तपासून, करीत नाही. क्वेरी पहिल्यांदा चालते तेव्हा त्या क्वेरीपुरता आयएल कोड (डॉटनेटचा मधल्या पातळीचा कोड) तयार करून तो कॅशमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी तोच वापरते. म्हणूनच हाताने डेटारीडर वाचणाऱ्या कोडच्या ती वेगाने बरीच जवळ जाते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट अशा, ज्यासाठी एडीओ डॉटनेटचा प्रोव्हायडर आहे त्या कोणत्याही डेटाबेसवर ती चालते.

डॅपरचे मोल कळण्यासाठी आधी काय होते ते थोडे पाहावे लागते. 2002 मध्ये डॉटनेटच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला डेटासेट हा क्वेरीचा निकाल मेमरीत धरून ठेवणारा भक्कम साठा आहे, आणि त्याला आज जितकी नावे ठेवली जातात तितका तो वाईट नाही. प्रत्येक ओळ नवी आहे, बदललेली आहे की काढून टाकलेली आहे हे त्याला ठाऊक असते; मूळ मूल्य आणि आताचे मूल्य अशी दोन्ही तो बाळगतो; ग्रिडला तो विनासायास जोडता येतो. त्याची खरी उणीव अशी की व्यवसायाच्या नियमाला त्यात राहायला जागाच मिळत नाही. कॉलमचे नाव स्ट्रिंगमध्ये लिहावे लागते, रिकामे मूल्य डीबीनल म्हणून येते, प्रत्येक ठिकाणी टाइप बदलून घ्यावा लागतो आणि नियम मात्र कधी फॉर्मच्या बटणामागे, कधी डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये, म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, तर कधी रिपोर्टच्या सूत्रात विखुरले जातात. टाइप्ड डेटासेटने पहिल्या तक्रारी दूर केल्या, नियमांची तक्रार तशीच राहिली.

आता एक उदाहरण घेऊ. विम्याचे दावे हाताळणारे ॲप्लिकेशन आहे. त्यात एक यादीचे पान आहे, ज्यावर दाव्याचा क्रमांक, पॉलिसीधारकाचे नाव, पॉलिसीचा प्रकार, दावा दाखल झाल्याची तारीख, सध्याची स्थिती, तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि प्रलंबित कागदपत्रांची संख्या दाखवायची आहे. हे पान पाच टेबलांवर उभे आहे आणि त्यातील शेवटचा आकडा तर कोणत्याच टेबलात नाही, तो मोजूनच काढावा लागतो. अशा पानासाठी दावा, पॉलिसी, ग्राहक आणि अधिकारी हे चार बिझनेस ऑब्जेक्ट पूर्ण भरून आणणे आणि मग त्यांतून सात मूल्ये वेचणे, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. येथे हवा असतो तो क्वेरीचा निकालच, फक्त टाइप असलेला. डॅपरमध्ये सात प्रॉपर्टींचा एक साधा क्लास लिहावा, जॉइन आणि काउंट असलेली क्वेरी जशी डेटाबेसच्या टूलमध्ये चालवून पाहिली तशीच कोडमध्ये ठेवावी, आणि एका ओळीच्या कॉलमध्ये यादी हातात येते. मध्ये कोणीही आपल्या एसक्यूएलचे भाषांतर करीत नाही. क्वेरी मंद असेल तर तिचा प्लॅन पाहून ती सुधारता येते आणि सुधारलेली क्वेरी जशीच्या तशी परत ठेवता येते. याद्या, शोध, रिपोर्ट, डॅशबोर्ड या सर्व वाचनाच्या कामांत डॅपरइतके सरळ साधन डॉटनेटवर माझ्या वापरात दुसरे आलेले नाही.

याच सरळपणात तिचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्यालाच दिला पाहिजे. डॅपर कॉलम आणि प्रॉपर्टी जुळवते, पण सर्व प्रॉपर्टी भरल्या गेल्या की नाही याची चौकशी ती करीत नाही. क्लासमध्ये प्रॉपर्टी आहे आणि निकालात तो कॉलम नाही, तर ती प्रॉपर्टी आपल्या मूळ मूल्यावर राहते. एरर येत नाही, सूचनाही मिळत नाही. उलट, निकालात जास्तीचा कॉलम असला तर तोही मुकाट्याने सोडून दिला जातो. याद्यांच्या क्लासमध्ये याचा फटका फार तर एक रिकामा रकाना इतकाच असतो. बिझनेस ऑब्जेक्टमध्ये मात्र तो नियमाच्या मुळावर घाव घालतो.

समजा, दावा नावाचा क्लास आहे आणि त्यात मंजुरीची मेथड आहे. मागितलेली रक्कम ही विमा रकमेतून आधी मंजूर झालेली रक्कम वजा करून उरणाऱ्या शिलकेत बसते की नाही, हे ती तपासते. एखाद्या सहकाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी लिहिलेली क्वेरी थोडी बदलून हाच क्लास भरला आणि विमा रकमेचा कॉलम निवडायचा राहिला, तर ती रक्कम शून्य राहील आणि प्रत्येक दावा नाकारला जाईल. हे निदान लगेच लक्षात येईल. पण आधी मंजूर झालेल्या रकमेचा कॉलम राहिला तर तीही शून्यच राहील, शिल्लक प्रत्यक्षाहून जास्त दिसेल आणि जे दावे नाकारायला हवेत ते मंजूर होत जातील, तेही कोठेही एरर न येता. स्थिती हा इनम (ठरावीक नावांच्या पर्यायांचा, आत आकडे असलेला टाइप) असेल तर आणखी एक गंमत होते: इनमचे मूळ मूल्य शून्य असल्यामुळे, आणि बहुतेक जण शून्याला ‘नवीन’ असा अर्थ देत असल्यामुळे, बंद झालेला दावा नवा म्हणून समोर उभा राहतो. नियम बरोबर लिहिलेला असतो, त्याची टेस्टही पास झालेली असते, पण ज्या ऑब्जेक्टवर तो चालतो तो अर्धाच भरलेला असतो.

भरीस भर म्हणजे डॅपर खासगी सेटर असलेल्या, म्हणजे बाहेरच्या कोडला बदलता न येणाऱ्या, प्रॉपर्टीही भरू शकते आणि खासगी कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारी मेथड) वापरून ऑब्जेक्ट तयार करू शकते. वरवर पाहता ही सोय वाटते, कारण बिझनेस ऑब्जेक्टचे दरवाजे बाहेरच्यांसाठी बंद ठेवूनही तो डेटाबेसमधून उभा करता येतो. परंतु ते दरवाजे ज्या कारणासाठी बंद केले होते, म्हणजे अवैध अवस्थेतला ऑब्जेक्ट जन्मालाच येऊ नये, ते कारणच येथे निष्प्रभ होते. डॅपर परत देते तो क्लासचा पोशाख घातलेला क्वेरीचा निकाल असतो. तो पोशाख पाहून कोड वाचणाऱ्याला ते बिझनेस ऑब्जेक्ट वाटू लागते, आणि डेटाटेबलच्या बाबतीत असा गैरसमज होण्याची शक्यता तरी नव्हती.

यावर लायब्ररीतच एक चांगला उतारा दडलेला आहे. क्लासऐवजी कन्स्ट्रक्टरमध्ये सर्व मूल्ये घेणारा रेकॉर्ड वापरला, तर डॅपर त्या कन्स्ट्रक्टरशी निकाल जुळवून पाहते, आणि कॉलमची संख्या, नावे किंवा टाइप जुळले नाहीत तर योग्य कन्स्ट्रक्टर सापडला नाही असे सांगून थांबते. एक कॉलम कमी पडला तरी एरर, एक जास्त झाला तरी एरर. जो कडकपणा प्रॉपर्टीच्या बाबतीत नाही तो येथे आपोआप मिळतो, म्हणून प्रत्येक क्वेरीसाठी तिचा स्वतःचा रेकॉर्ड लिहावा, अशी शिफारस मी बेलाशक करीन. त्याचा थोडा जाचही होतो: एसक्यूलाइटमध्ये पूर्णांक 64 बिटांचा येतो, त्यामुळे रेकॉर्डमध्ये साधा इंट लिहिला असेल तर तो जुळत नाही आणि लाँग लिहावा लागतो. हा जाच सोसण्यासारखा आहे. पुढे, अशा रेकॉर्डमधून बिझनेस ऑब्जेक्ट तयार करण्याचे काम स्वतःच्या हाताने, एका ठिकाणी, उघड कोडमध्ये करावे. दहा-पंधरा ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण निकाल कोठे संपतो आणि ऑब्जेक्ट कोठे सुरू होतो ती रेषा कोडमध्ये दिसते.

एकाहून अधिक टेबलांचा निकाल अनेक ऑब्जेक्टमध्ये वाटण्याची सोय डॅपरमध्ये आहे. स्प्लिट-ऑन या पॅरामीटरने कोणत्या कॉलमपासून पुढचा ऑब्जेक्ट सुरू होतो ते सांगायचे. काहीच सांगितले नाही तर आयडी नावाच्या कॉलमवर तोडले जाते. दावा आणि त्याची पॉलिसी अशी एकास एक जोडी असेल तर हे ठीक चालते. एका दाव्याची अनेक कागदपत्रे असतील तर मात्र जॉइनच्या प्रत्येक ओळीमागे दाव्याचा एक नवा ऑब्जेक्ट मिळतो आणि डिक्शनरी वापरून ते आपणच एकत्र करायचे असतात. सिलेक्टमधील कॉलमचा क्रम बदलला की तोडण्याची जागा चुकते, हा आणखी एक त्रास. त्यापेक्षा एकाच कॉलमध्ये दोन क्वेरी पाठवून दोन निकाल वेगवेगळे वाचण्याची क्वेरी-मल्टिपल ही पद्धत मला अधिक स्वच्छ वाटते: पहिल्या निकालातून दावा, दुसऱ्यातून कागदपत्रे, आणि दोहोंची गाठ आपल्या कोडमध्ये.

लिहिण्याच्या बाजूला आल्यावर चित्र पालटते. डॅपर एकदा ऑब्जेक्ट देऊन मोकळी होते. त्यात नंतर काय बदलले याची नोंद तिच्याकडे नसते. तीच ओळ दोनदा आणली तर दोन वेगळे ऑब्जेक्ट मिळतात आणि एकातला बदल दुसऱ्याला कळत नाही. दाव्यात एक कागदपत्र वाढले, एक रद्द झाले आणि स्थिती बदलली, तर इन्सर्ट, डिलीट आणि अपडेट कोणत्या क्रमाने करायचे ते आपण ठरवायचे, ट्रान्झॅक्शन आपण उघडायचे आणि ते प्रत्येक कॉलला न विसरता द्यायचे. दोन अधिकाऱ्यांनी एकाच वेळी तोच दावा उघडला असेल तर अपडेटच्या अटीत आवृत्तीचा कॉलम घालून, किती ओळी बदलल्या तो आकडा तपासून, शून्य आल्यास थांबण्याची जबाबदारीही आपलीच. एक्झिक्यूटला यादी देता येते, परंतु तेथे प्रत्येक घटकासाठी कमांड स्वतंत्रपणे चालते. तिला घाऊक इन्सर्ट समजून मोठ्या संख्येने ओळी भरायला जाऊ नये.

एंटिटी फ्रेमवर्क कोअर नेमके हेच काम उत्तम करते. ते एकाच कॉन्टेक्स्टमध्ये एका ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवते, बदलांचा माग ठेवते, आवृत्तीचा कॉलम सांगितला तर संघर्ष ओळखते आणि सर्व बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये साठवते. ज्या ऑब्जेक्टला नियम आहेत, अवस्था आहेत, पोटात इतर ऑब्जेक्ट आहेत, त्यांच्यासाठी ही यंत्रणा हाताने बांधत बसण्यात शहाणपणा नाही. अर्थात अर्धवट भरलेल्या ऑब्जेक्टपासून तेथेही पूर्ण सुटका नाही. मॅप केलेले सर्व कॉलम ते आणते हे खरे, पण संबंधित कलेक्शन इन्क्लूड करायला विसरलो तर ते रिकामेच दिसते आणि ‘कागदपत्रे नाहीत’ व ‘कागदपत्रे आणलीच नाहीत’ यांतला फरक ऑब्जेक्टकडे पाहून कळत नाही. लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच संबंधित डेटा आणणे) चालू केले तर हा गोंधळ मिटतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो: यादीतील प्रत्येक दाव्यामागे एक नवी क्वेरी. वाचनासाठी मागोवा बंद करण्याची आणि सिलेक्टने हवे तेवढेच कॉलम आणण्याची सोय तेथे आहे, आणि 2023 मधील आठव्या आवृत्तीपासून हाताने लिहिलेल्या एसक्यूएलचा निकाल मॉडेलमध्ये नसलेल्या क्लासमध्येही घेता येतो. क्लासला हवा असलेला कॉलम निकालात नसेल तर तेथे एरर येते, म्हणजे डॅपरहून कडक शिस्त आहे. ज्या प्रकल्पात एंटिटी फ्रेमवर्क कोअर आधीच आहे तेथे केवळ काही याद्यांसाठी डॅपर आणण्याचे कारण यामुळे पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

डॅपरमध्ये क्लास न सांगताही निकाल घेता येतो. मग प्रत्येक ओळ डायनॅमिक रूपात येते. छोट्या स्क्रिप्टमध्ये किंवा एकदाच चालवायच्या डेटा दुरुस्तीत हे सोयीचे असते. ॲप्लिकेशनच्या मुख्य कोडमध्ये मात्र ते वापरले की डेटाटेबलचे सगळे जुने दुखणे परत येते, आणि ओळीची स्थिती ओळखण्याचा त्याचा गुण तेवढा येत नाही. हा पर्याय संघाच्या नियमावलीतच वर्ज्य ठरवावा.

काही बारकावे खरेदीपूर्व सूचनांसारखे सांगून ठेवावेत, जरी येथे खरेदी काही नाही. एसक्यूएल सर्व्हरवर स्ट्रिंग पॅरामीटर मूळतः एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा टाइप) म्हणून जातो. कॉलम व्हारचार (साध्या मजकुराचा) असेल तर कोलेशननुसार, म्हणजे मजकुराच्या तुलनेच्या नियमांनुसार, इंडेक्सचा नीट उपयोग होत नाही आणि क्वेरी विनाकारण मंदावते, तेव्हा डीबीस्ट्रिंग वापरून टाइप स्पष्ट सांगावा. एसक्यूएलच्या ‘इन’ (यादीपैकी एक) या अटीला यादी देता येते, पण तिचा प्रत्येक घटक वेगळा पॅरामीटर होतो आणि एसक्यूएल सर्व्हर एका कमांडमध्ये 2100 पॅरामीटरच्या पलीकडे जाऊ देत नाही. निकाल मूळतः पूर्ण मेमरीत घेतला जातो. लाखो ओळींची निर्यात करायची असेल तर बफरिंग बंद करावे लागते. अंडरस्कोर असलेली कॉलमची नावे जुळण्यासाठी एक सेटिंग चालू करावे लागते, आणि ते विसरले तर वर सांगितलेला अर्धवट भरण्याचा प्रकार सर्व क्लासमध्ये एकदम घडतो. मूल्ये जोडून एसक्यूएलची स्ट्रिंग बनवू नये हा नियम इंजेक्शनमुळे (मूल्यातून घुसवलेल्या घातक एसक्यूएलमुळे) सर्वांना ठाऊक असतो. डॅपरमध्ये त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे प्रत्येक नवी स्ट्रिंग कॅशमध्ये नवी नोंद करते आणि मेमरी वाढत जाते.

एसक्यूएल स्ट्रिंगमध्ये असल्यामुळे कॉलमचे नाव बदलले तर कंपायलरला त्याचा पत्ता नसतो. म्हणून डॅपर वापरणाऱ्या प्रकल्पात प्रत्येक क्वेरी खऱ्या डेटाबेसवर चालवून पाहणाऱ्या टेस्ट असल्याच पाहिजेत. मेमरीतील खोट्या डेटाबेसवर केलेली टेस्ट येथे फारशी उपयोगाची नाही. हा खर्च अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात आणि मग डॅपरवर राग काढतात.

नवा प्रकल्प असेल, व्यवसायाचे नियम दाट असतील आणि संघ मोठा असेल, तर लिहिण्यासाठी एंटिटी फ्रेमवर्क कोअर घ्यावे आणि अवघड याद्या व रिपोर्ट यांपुरते डॅपर ठेवावे. ज्याचा डेटाबेस जुना आहे, स्टोअर्ड प्रोसीजरने भरलेला आहे आणि ज्याची रचना आपल्या हातात नाही, त्याने संपूर्ण काम डॅपरवर करायला हरकत नाही. तेथे टेबल आणि ऑब्जेक्ट यांची सांगड घालण्याचा हट्ट धरणारी मोठी चौकट उलट अडचणच करते. ज्या संघात एसक्यूएल नीट लिहिणारे कोणी नाही, त्याने डॅपरच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना नेटिव्ह एओटीने, म्हणजे आधीच मशीन कोडमध्ये रूपांतर करून, बांधलेले ॲप्लिकेशन हवे आहे त्यांनी मूळ डॅपरऐवजी डॅपर एओटी पाहावे, कारण चालू असताना आयएल कोड तयार करण्याची मूळ पद्धत तेथे चालत नाही आणि हा नवा प्रकल्प तेच काम बिल्डच्या वेळी उरकतो.